डावा कोपरा

तासगावच्या कॉलेज ग्राउंडवर काटा मांडलाय,
बेदाण्याच्या पेट्या तोलायचा, कोल्ड स्टोरेजवरनं टेम्पोत घालून आणलेला.
फळीच्या फटीत एक बेदाणा अजून चिकटलेला आहे.
पोरं चड्डीवर चढतात, श्वास सोडतात, उतरतात.
मी लिहितो.

हर्षद थोरबोले, उजवा कोपरा, एक्क्याऐंशी किलो.
तौफिक मुजावर, डावा कोपरा, एकोणसत्तर.
उंची, हाताची लांबी, मुठीचं बळ, जुनी दुखापत, आधार कार्ड.
पुण्याहून फॉर्म येतो, सव्वीस रकान्यांचा.
सव्विसावा 'शेरा', दोन ओळी जागा.
माझी नोकरी त्या दोन ओळींची.

चढाई करणारा सगळ्यांनाच दिसतो.
शिट्ट्या त्याच्या, मोबाईल त्याच्याकडे.
कोपऱ्यातला पोरगा तीस सेकंद काहीच करत नाही
आणि ते काहीच न करणं मोजायचा मला पगार आहे.
टाच टेकलीय की उचललीय?
नजर कुठं आहे?
चढाईवाला डोळ्यांनी खोटं बोलतो, खांद्यांनी तर बोलतोच,
कंबर तेवढी बिचारी खरी.

थोरबोले व्हिडिओत घोडा दिसेल.
मालकांना आवडेल, जर्सी भरून दिसेल.
तीन पकडी केल्या त्यानं,
तिन्ही वेळा अर्धा श्वास उशिरा.
इथं चालतं. तिथं त्या अर्ध्या श्वासात
माणूस मध्यरेषेवर हात टेकवून परत उभा असतो.

मुजावरची पहिल्या डावात पकड एकच.
पण चढाईवाले त्याच्या बाजूला फिरकेनात.
न आलेल्या माणसांचा
रकाना कुठाय?

माझ्याबद्दलही एकानं लिहिलं होतं.
चौऱ्याण्णव साल, सांगली, निवड चाचणी,
पांढरी टोपी, कानावर पेन्सिल.
'गुडघा बघावा.'
गुडघा ठणठणीत होता हो,
रुमाल बांधलेला तो हिरोगिरीसाठी.
आता दुखतो,
बहुतेक त्याच्या शब्दाला मान म्हणून.

दुसऱ्या डावात मैदानात तिघं उरले.
चढाईवाला बोनसला पाय टाकून मागं सरकला
आणि मुजावर सापासारखा गेला, घोटा धरला, सोडला नाही.
ग्राउंड उठलं. गुरव सरांचा चहा सांडला.
मी मात्र त्याचा उजवा हात बघत होतो,
झेपेच्या आधीचा,
शेजारच्या काटकुळ्या पोराच्या हातात अडकलेला.
त्या पोरानं मनगट दोनदा दाबलं.
मग मुजावर गेला.

"त्यो व्हय? मल्हारी कोळेकर. लिस्टात न्हाई सर, वजन न्हाई त्याला."
"आणि ते दाबणं?"
"आठवीपास्नं हाय. त्यानं दाबलं की मी जातो.
न्हाई दाबलं तर थांबतो."
एवढं बोलून तौफिक घोट्याला बर्फ लावत बसला,
जसं काही लपवण्यासारखं नव्हतंच त्यात.

साखळीतला एकच हात कसा उचलायचा?
लिहिलं: 'घोटा पकड उत्तम. वजन वाढवता येईल.'
आणि दुसऱ्या ओळीत: 'उजवा हात रिकामा ठेवू नये.'
पुण्याहून फोन येणार.
म्हणजे काय? खांदा निखळलाय का?
नाही म्हणेन.
पुढं काय म्हणेन ते अजून ठरलेलं नाही.

ऊन उतरलं. टेम्पोवाला हॉर्न देतोय, काटा चढवायचाय.
कोळेकर आला, न विचारता चढला,
श्वास भरलेलाच.
एकसष्ट किलो दोनशे.
मी आकडा मोठ्यानं वाचला. लिहायला ओळ नव्हती.
तो उतरला, वाकला,
फटीतला बेदाणा नखानं काढला, फुंकला,
खाल्ला.